बायकांची फॉर्मल पॅन्ट शिवणारा टेलर पुण्यात सापडला एकदाचा

आधीच सांगून टाकते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. काकांनीच बजावलंय, "त्या मोबाईलवर नाव-बिव टाकू नका हं ताई, गर्दी झाली की हात बिघडतो." तसंही नाव सांगून उपयोग नाही, पाटीचा रंग उडून अर्धंच नाव उरलंय आणि खाली ठळक अक्षरात फक्त 'जेन्ट्स' एवढंच नीट वाचता येतं. नारायण पेठेत एका वाड्याच्या दरवाज्याला लागून दहा बाय आठची खोली, बाहेर बाकडं, बाकड्यावर कायम कोणीतरी पेपर वाचत बसलेलं. मी स्वतः दोनदा पुढून निघून गेले होते. पण गेल्या वर्षभरात ऑफिसच्या कपड्यांपायी जेवढे पैसे आणि जेवढे शनिवार घातले त्यात हे एकच ठिकाण असं निघालं की ज्याच्याबद्दल बसून लिहावंसं वाटलं, चांगलंही आणि वाईटही.

तर झालं काय, माझं चार वर्षं घरून काम. वर कुर्ता खाली पायजमा, कॅमेरा लावायची वेळ आलीच तर गळ्यात स्टोल, झाली फॉर्मल. मग गणपतीच्या आधी मेल आला की आता आठवड्यातून तीन दिवस खराडीला यायचं आणि दसरा झाला की क्लायंटची माणसं येणार आहेत, त्या आठवड्यात बिझनेस फॉर्मल. आमच्या टीममधल्या मुलांनी मेल वाचला, एकानं विचारलं टाय लागेल का, नको म्हटल्यावर विषय संपला. आम्हा पाच जणींचा जेवणाचा अख्खा पाऊण तास त्यात गेला. कुर्ता चालेल का, चालत असेल तर ओढणी पाहिजे का, साडी म्हणजे फॉर्मल का हळदीकुंकू, लेगिंग चालत नसेल तर खाली घालायचं तरी काय. एचआरमधल्या मुलीला विचारलं तर म्हणे "अगं काहीही प्रेझेंटेबल." म्हणजे काय ते देवाला ठाऊक.

माझं मत विचाराल तर गुडघ्याखालपर्यंतचा सरळ कुर्ता, खाली इस्त्रीची सरळ पॅन्ट, हे पुरेपूर फॉर्मल आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. पण यावेळी प्रेझेंटेशन मला द्यायचं होतं आणि उगाच कशाला, एक तरी पूर्ण सूट असावा असं मनात घेतलं. वय अडतीस, दोन बाळंतपणं, अंगावर पहिल्यांदा ब्लेझर चढवायचा. हौस होती असंही म्हणा हवं तर.

पहिली फेरी अर्थात मॉल. कोणता ते सांगत नाही, ब्रँडही सांगत नाही, सगळीकडे कमीजास्त हेच आहे. ट्रायल रूममध्ये सात पॅन्टी घेऊन गेले. जी कंबरेला बसते ती मांड्यांवर चढत नाही, जी मांड्यांवर चढते तिच्या कंबरेत मागून अख्खा हात जातो. सेल्समधली मुलगी म्हणते "मॅम बेल्ट लावला की ओके होईल." बेल्ट लावला की मागे कापडाची पुरचुंडी होते, ती लपवायला वर ब्लेझर, आणि तो पुण्यात मे महिन्यात घालून दाखव म्हणावं! खिशांचं तर बोलूच नका. एका पॅन्टला खिशाची नुसती पट्टी होती, आत हात घालायला गेले तर शिवलेलं, मला वाटलं टाचे उसवायचे राहिलेत म्हणून मी नखानं उचकटायला लागले तर ती मुलगी धावतच आली, "मॅम ते तसंच आहे, डिझाईन आहे." २,२९९ रुपयांची पॅन्ट आणि खिसा चित्रातला.

ब्लेझरची किंमत होती ५,९९९. दिसायला झ्याक. पण दोन्ही हात पुढे केले, गाडीचं हँडल धरतो ना तसे, तर पाठीत असा ताण आला की वाटलं मधोमध उसवतोय. तुम्ही पण ट्रायल रूममध्ये हे करून बघत जा, नुसतं आरशापुढे सरळ उभं राहून सगळंच बरं दिसतं. खाली बसा, हात पुढे करा, हात वर करून फळ्यावर लिहिल्यासारखं करा. शर्ट असेल तर छातीवरच्या दोन बटणांच्या मधे फट पडते का ते बसल्यावरच कळतं.

मग ऑनलाईन. एकाच साईजच्या चार पॅन्टी मागवल्या, चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि टेप घेऊन पलंगावर मापल्या तर कंबरेत दोन-अडीच इंचांचा फरक. लेबल मात्र सगळ्यांवर एल. यात आपल्या अंगाचा दोष नाही हे मला उशिरा कळलं. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांचे साईज चार्ट बाहेरच्या देशांच्या मापांवरून उचललेले, थोडे इकडे-तिकडे केलेले. म्हणून तर निफ्ट, म्हणजे ती फॅशन शिकवणारी सरकारी संस्था, आणि केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयानं ते इंडियासाईझचं काम काढलं, सहा शहरांतल्या २५ हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरनं मापं घ्यायची म्हणून. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. पुण्याचं नाव त्यात नाही, यावर मी काही बोलत नाही, तुम्ही पुणेकर असाल तर तुम्हीच बोला.

चारही परत केल्या. मग आईचा सल्ला, शिवून घे. आता बघा, ऐकायला किती सोपं वाटतं. आमच्या कोथरूडच्या ब्लाऊजवालीकडे गेले, बाईचा हात सोन्यासारखा आहे, पण पॅन्ट म्हटल्यावर म्हणाली "ताई मी प्लाझो शिवते, सिगारेट पॅन्ट इलास्टिकची शिवते, चेनची पॅन्ट नाय जमायची, फ्लाय बसत नाही नीट." दुसरी म्हणाली ब्लेझर शिवते, नमुना दाखवला तर तो ब्लेझर नव्हता, बटणं लावलेला जाड ब्लाऊज होता. म्हणून गेले जेन्ट्स टेलरकडे, दोघांकडे. एकानं मान वर न करता "लेडीज नाही घेत", दुसरा घेतो म्हणाला पण माप कोण घेणार तर तो स्वतःच, आणि दुकानात चार पोरं उभी. आले घरी. म्हणजे लेडीज टेलरला पॅन्ट येत नाही आणि पॅन्ट येणाऱ्याला लेडीज चालत नाहीत! ४० लाखांवर लोक राहतात या शहरात, निम्म्या बायका, त्यातल्या किती नोकरी करतात, आणि पॅन्ट शिवायची तर कोणाकडे जायचं ते कोणाला माहीत नाही.

सुटका केली माझ्या चुलत नणंदेनं. ती शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. या बायकांचं बरं असतं, नियमच आहे, साडी चालते, सलवार-कुर्ता चालतो, पण काळा कोट आणि गळ्याला पांढरे बँड पाहिजेतच, मग कोट शिवणारा माणूस त्यांनी कधीच शोधून ठेवलेला असतो. ती म्हणाली "वहिनी, पाटीवर जाऊ नकोस, आत जा आणि काकू आहेत का विचार." हा सगळा खेळ त्या काकूंचा आहे. काका गेली चाळीसेक वर्षं पुरुषांचे कोट-पॅन्ट शिवतायत. पूर्वी वकील बायका यायच्या तेव्हा जुना एखादा कोट आणून 'या मापाचा शिवा' म्हणून सांगायच्या, अंगावर माप घेता यायचं नाही, कोट पोत्यासारखे व्हायचे. मग काकू माप घ्यायला शिकल्या. तेव्हापासून कोर्टातल्या बायका, मग त्यांच्या बँकेतल्या बहिणी, कॉलेजवरच्या मैत्रिणी असं करत करत माझ्यापर्यंत.

मी गेले पितृपक्षात. आई म्हणाली "पितृपक्षात नवं कापड?" मी म्हटलं कापड नवं, कपडा नवरात्रात अंगावर येईल, तोवर घट बसलेले असतील, पितरांची हरकत नसावी. आणि खरं सांगू का, हाच काळ चांगला. गणपतीत पेठेत शिरता येत नाही, नवरात्र लागलं की दिवाळीच्या ऑर्डरी, मग लग्नसराई, काकांच्या भाषेत "नवरदेव चालू झाले की मग आम्ही कुणाचे नाही." पितृपक्षात बाकड्यावरचा पेपरवाला सोडला तर दुकानात कोणी नव्हतं.

कापड त्यांच्याकडे मिळत नाही, आपण न्यायचं. आधी रिकाम्या हातानं जा, काय शिवायचं ते सांगा, ते कागदावर लिहून देतात, मग लक्ष्मी रोडला जाऊन घ्या, पाच-सात मिनिटांवर आहे. मला लिहून दिलं होतं, सुटिंग, ५८ पन्हा (म्हणजे कापडाची रुंदी, इंचात), पॅन्टला सव्वा मीटर, ब्लेझरला पावणेदोन. पन्हा बघायला विसरू नका, शर्टाची कापडं ३६ पन्ह्याची पण येतात, ती स्वस्त वाटतात आणि मग लागतात दीडपट. कापड कोणतं यावर काकांचं मत पक्कं आहे: ऑफिसला रोज घालायचं, गाडीवर बसायचं तर पॉलिस्टर-व्हिस्कोस, म्हणजे दुकानात पीव्ही किंवा टीआर म्हणतात ते. पॉलिस्टरनं चुरगळत नाही, व्हिस्कोसनं अंगाला बरं लागतं. मी लिनन म्हटलं तर काका नुसते हसले. "लिनन घ्या, पण मग मेट्रोत उभ्यानं जा." खरं आहे ते, लिननची पॅन्ट घालून वनाजला बसलात की रामवाडी येईपर्यंत मांडीवर पुणे जिल्ह्याचा नकाशा उमटलेला असतो.

कापड बघायची त्यांनी सांगितलेली रीत: कोपरा मुठीत घट्ट आवळायचा, दहा मोजायचे, सोडायचा, जेवढ्या चुण्या राहतील तेवढ्या तुमच्या पॅन्टवर दुपारी दोन वाजता असतील. दुसरं म्हणजे दुकानाच्या ट्यूबखाली रंग ठरवायचा नाही, ताका घेऊन दारात यायचं. मी दारात आले म्हणून वाचले, आत जो नेव्ही ब्लू वाटत होता तो बाहेर सरळ जांभळा होता. दुकानातला माणूस थोडा वैतागला, वैतागू दे. शेवटी घेतला ७२० रुपये मीटरचा नेव्ही तीन मीटर आणि अजून एका पॅन्टसाठी राखाडी, ५६० चा, सव्वा मीटर. अगदी नावाजलेल्या मिलचंच घ्यायला पाहिजे असं काही नाही, पण स्ट्रेच जास्त असलेलं घेऊ नका, लायक्रा दोन-तीन टक्के ठीक आहे, त्याहून जास्त असेल तर चार धुण्यांत गुडघे पुढे येतात, आपण उभ्या असलो तरी पॅन्ट बसलेलीच दिसते.

आता माप. हा भाग मला नीट सांगायचाय कारण इथेच सगळं आहे. खोलीच्या मागच्या बाजूला पडदा, पडद्याआड काकू, एक स्टूल आणि भिंतीला टेकवलेला उभा आरसा. काकू टेप लावतात आणि मोठ्यांदा एक अक्षर बोलत नाहीत. एका चिठ्ठीवर आकडे लिहितात आणि चिठ्ठी पडद्याखालून काकांना सरकवतात, काका वहीत उतरवून घेतात. पूर्वी म्हणे मोठ्यानं सांगायच्या, मग एकदा एका वकीलीणबाईंनी बाहेर येऊन सुनावलं की माझी कंबर सगळ्या बार असोसिएशनला कळवायची होती तर नोटीस लावायची ना. तेव्हापासून चिठ्ठी. एवढ्या साध्या गोष्टीनं किती बरं वाटतं ते मापं देताना पोट आत घेणाऱ्या प्रत्येकीला कळेल. आणि काकू पोट आत घेऊ देत नाहीत. "श्वास सोड. दुपारी जेवल्यावर काय करशील?"

कंबर त्यांनी दोनदा मापली, उभ्यानं आणि बसून. बसून पावणेदोन इंच जास्त भरली. मग स्टुलावर बसवून कंबरेपासून स्टुलाच्या फळीपर्यंत टेप धरला, हे आसन, म्हणाल्या, पॅन्ट इथे चुकली की सगळं चुकलं, मग बाई दिवसभर ओढत बसते. मॉलमधल्या पॅन्टी मी दिवसभर मागून वर ओढत का असायचे ते मला त्या स्टुलावर कळलं. खांदा घेताना म्हणाल्या "तुझा उजवा खांदा खाली आहे, लॅपटॉपची बॅग याच खांद्यावर घेतेस ना?" घेते. खरंच कमी भरला, अर्धा इंच. रेडिमेडमध्ये हे कोण बघणार!

चप्पल कोणती घालणार तेही विचारलं. मी म्हटलं ऑफिसात बंद चपटे बूट, क्लायंटच्या दिवशी थोडी टाच. तर म्हणाल्या एकच ठरव, नाहीतर एका दिवशी पॅन्ट रस्ता झाडेल नाहीतर दुसऱ्या दिवशी घोटा उघडा. खाली दोन इंच मुडप सोडतो, पुढे-मागे लागलं तर. आणि शिवणीत पण दाब, म्हणजे जादा कापड, सोडतात, इंच-इंच. हे रेडिमेडमध्ये नसतंच, तिथे शिवणीला लागून कापतात आणि इंटरलॉक मारून मोकळे, आत घेता येतं, सोडता काही येत नाही. दिवाळीचा फराळ खाणाऱ्या बाईला सोडता येणं जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली ट्रायल झाली कच्च्या टाक्यांवर. पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाचे, एक बाही लावलेली, एक नाही, कॉलर नाही. मी आरशात बघितलं आणि माझा जीवच गेला, म्हटलं सात हजारांचं बुजगावणं. काका लांबून बघत होते, खडूचा तुकडा घेऊन आले, काकूंना सांगितलं "मुंढा वर घे, पाव इंच" (मुंढा म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर), काकूंनी खडूची रेघ मारली, दोन टाचण्या लावल्या, आणि बाही एकदम पडली सरळ. मुंढा मोठा असला की हात मोकळा हलेल असं आपल्याला वाटतं, उलटं आहे, मुंढा खाली असला की हात वर केल्यावर अख्खा कोट वर येतो. रेडिमेडमध्ये सगळ्यांना चढावा म्हणून मुंढे खाली ठेवतात, म्हणून तो ताण.

छातीत काय घालता विचारलं तर काकांनी कॅनव्हास दाखवला. स्वस्त ब्लेझरमध्ये बाहेरच्या कापडाला आतून चिकटवलेलं फ्युजिंग असतं, ते ड्रायक्लीनिंगच्या गरमीनं किंवा पावसानं सुटलं की पुढून फोड आल्यासारखे फुगे दिसतात. तुमच्याकडे असलेला ब्लेझर बघायचा असेल तर छातीजवळ बाहेरचं कापड एका हाताच्या चिमटीत आणि आतलं अस्तर दुसऱ्या हातात धरून वेगळं करून बघा, मधे तिसरा थर सुटा लागला तर कॅनव्हास आहे. नाही लागला तर छत्री जवळ ठेवा.

आणि आता खिसे. मी सांगितलंच नव्हतं. काका पुरुषांचे टेलर, त्यांच्या हाताला सवयच, पॅन्ट म्हटली की खिसा आलाच. पॅन्टला दोन बाजूंना दोन खिसे, पांढऱ्या जाड सुती कापडाचे, इतके खोल की फोन अख्खा आत जाऊन वर बोटभर जागा उरते. ब्लेझरला बाहेर दोन आणि आत डावीकडे एक, आत पेनाची वेगळी फट. मी सूट घालून घरात नुसती खिशात हात घालून फिरत होते, नवरा म्हणाला "काय सापडेना?" त्याला काय कळणार, त्याला शाळेच्या हाफ पॅन्टपासून खिसे आहेत. मेट्रोचं कार्ड, ऑफिसचं आयडी, गाडीची किल्ली, रुमाल, सगळं अंगावर, पर्स न घेता मीटिंगला गेले आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणजे मला जे समजलं ते असं, की पुरुषांच्या कपड्यात ज्या गोष्टी न मागता येतात, दाब, कॅनव्हास, खिसे, मुडप, त्या बायकांच्या कपड्यात पैसे देऊनही येत नाहीत, आणि बायकांच्या अंगाची समज जेन्ट्स टेलरकडे नसते. इथे पडद्याच्या दोन बाजूंना दोन्ही आहे म्हणून जमतं.

आता तक्रारी. एक नंबर, वेळ. काका तारीख देत नाहीत, "गुरुवारी या" म्हणतात. कोणत्या गुरुवारी ते विचारायचं नसतं हे मला माहीत नव्हतं. पहिल्या गुरुवारी गेले, कारागीर श्राद्धाला गावाला गेलेला. दुसऱ्या गुरुवारी गेले तर नवरात्र बसलेलं, पॅन्टी तयार, ब्लेझरला काज बाकी, काजाचं काम बाहेर जातं. तिसऱ्या गुरुवारी मिळाला, दसऱ्याच्याच दिवशी, झेंडूच्या माळा लावलेल्या मशीनवरून उचलून दिला. मला सोमवारी क्लायंट होता. माझा बीपी काय झाला असेल ते विचारू नका. तुमचा इंटरव्ह्यू-बिंटरव्ह्यू असेल तर महिनाभर आधी टाका, आणि खोटी तारीख सांगा, दहा दिवस अलीकडची.

दोन नंबर. घरी येऊन घातला, बटण लावायला गेले तर हात अडखळला. काजं डावीकडे, बटणं उजवीकडे. पुरुषांच्या कोटासारखी! बायकांच्या शर्ट-कोटाला उलटं असतं, उजवी बाजू वर येते. चाळीस वर्षांच्या सवयीनं काकांचा हात तिकडेच गेला. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या "अगंबाई, परत?" म्हणजे हे आधीही झालेलं आहे, वकीलीणबाई कोणी तक्रार करत नाहीत म्हणाल्या, कोर्टात कोण बटणं बघतंय. काज एकदा कापलं की काही करता येत नाही. मी पण ठेवला तसाच. ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नाही, लक्षात आलं फक्त आईच्या, तेही फोटोत. पण तुम्ही जाल तेव्हा ट्रायलच्या वेळी काजाची बाजू तोंडानं सांगा, दोनदा सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या.

तीन, गाडी लावायला जागा नाही, विसरा. डेक्कनला मेट्रोनं उतरा आणि झेड ब्रिजवरून चालत या. कार्ड चालत नाही, रोख किंवा यूपीआय, तेही काकूंचा फोन घरात असेल तर.

पैशांचं सांगते. पॅन्टची शिलाई ८५०, ब्लेझरची ४,२००, अस्तर-कॅनव्हास-बटणं धरून. म्हणजे नेव्ही सूट कापडासकट ७,२१० ला पडला, राखाडी पॅन्ट १,५५० ला. मॉलमधला न बसणारा सूट ८,२९८ ला होता, वर आल्टरचे वेगळे. स्वस्त नाही, पण वर्ष झालं, राखाडी पॅन्ट आठवड्यातून दोनदा जाते अंगावर, अजून बुडाला चकाकी आलेली नाही, ॲक्टिव्हावर बसून बसून माझ्या आधीच्या सगळ्या पॅन्टी तिथेच चकाकायच्या.

सगळंच इथे शिवायचं असं मात्र नाही. कुर्ते ते शिवत नाहीत, आणि शर्ट शिवायला दिला तो मला एवढा आवडला नाही, कॉलर फार कडक, बकरम घातल्यासारखी, पोलीस स्टेशनला ड्यूटीवर असल्यासारखं वाटतं. शर्ट मी रेडिमेडच घेते, एक साईज मोठा, आणि ब्लाऊजवालीकडून टक्स घालून घेते, शंभर-दीडशेत काम होतं, छातीवरच्या फटीला आतून एक टिचबटण. पांढरा शर्ट घेतला तर आत पांढरी स्लीप घालू नका, अंगाच्या रंगाची घाला, पांढऱ्यातून पांढरं जास्त दिसतं, हे मला कोणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. कुर्त्यांसाठी सुती कापड घ्यायचं, आधी रात्रभर भिजवून, वाळवून, मग शिवायला टाकायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडतं. राखाडी आणि नेव्ही अशा दोन पॅन्टी असल्या की नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग फक्त वरूनच बदलायचे, हाही एक फायदा, पिवळ्या दिवशी पिवळी पॅन्ट शोधत फिरायला नको.

आणि साडीवाल्यांनी साडी नेसावी, आमच्याकडे एक सिनिअर मॅडम आहेत त्या क्लायंटच्या पहिल्या दिवशी सुती नारायणपेठ नेसून आल्या होत्या, काठ बारीक, ब्लाऊज कोपरापर्यंत, आणि आमच्या सगळ्यांच्या ब्लेझरांवर पाणी पडलं. (ती साडी या नारायण पेठेतली नाही बरं का, ती तेलंगणातल्या नारायणपेठची. मी काकूंना विचारलं होतं, त्यांनी माझ्याकडे बिचारी म्हणून बघितलं.)

ब्लेझरचं शेवटचं खरं सांगू? मी तो दिवसाला पंचवीस मिनिटं घालते. गाडीवर घालून जात नाही, मागची बाजू चुरगळते आणि येरवड्याच्या सिग्नलला घाम फुटतो. ऑफिसात खुर्चीच्या पाठीला अडकवलेला असतो, एसी फार झाला की खांद्यावर, मीटिंग आली की अंगावर. प्रेझेंटेशनच्या दिवशी मात्र पूर्ण चार तास घातला होता, एकदाही मागून ओढला नाही, एकदाही पुढून बंद केला नाही, खरं तर तो अंगावर आहे हे विसरलेच होते, दुपारी चहा घेताना आतल्या खिशातलं पेन टोचलं तेव्हा आठवलं. पाचपैकी चार. अर्धा काजाचा कापला, अर्धा वेळेचा.

परवा काळ्या पॅन्टचं कापड टाकून आले. मापं वहीत होतीच, तरी काकूंनी कंबर परत घेतली, चिठ्ठी सरकवली, काका चष्म्यावरून चिठ्ठीकडे बघून काही बोलले नाहीत, मीही नाही बोलले. कधी मिळेल विचारलं.

गुरुवारी म्हणाले.